पक्ष्यांची मोजदाद

गेल्या फेब्रुवारी महिन्यांत आमच्या शाळेच्या आवारांत पक्ष्यांची मोजदाद झाली. सकाळीं सात वाजतां इयत्ता आठवी व नववींतील विद्यार्थी हातांत कागद-पेन्सिल घेऊन आवाराच्या निरनिराळ्या कोंपऱ्यांत पंधरा पंधरा मिनिटें उभे राहिले, व दिसले अगर ऐकूं आले तितके पक्षी त्यांनीं टिपून घेतले. एका विद्यार्थ्याकडे विहिरीजवळच्या जुन्या चिंचेची जागा होती. या चिंचेच्या ढोलींत पिंगळ्यांची एक जोडी राहते, ही गोष्ट शाळेंत सर्वांस ठाऊक; शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणासही विचारा, तो बोट करून ढोली दाखवील. या मुलानें पंधरा मिनिटें ढोलीकडे टक लावून पाहिलें. पिंगळा कांहीं दिसला नाहीं. त्यानें कागदावर 'पिंगळा' असें लिहून त्यापुढें शून्य मांडलें.

सोबत्यांनीं त्याची थट्टा केली. "अरे, दोन आहेत तेथें, सगळ्यांना ठाऊक आहे. दोन लिही," असें त्यास सांगितलें. बिचारा कागद घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, दोन लिहूं का?" शाळेची घंटा होण्यापूर्वीं सर्व कागद गोळा करण्याच्या घाईंत आम्ही होतों. मान वर न करतां आम्हीं म्हटलें, "नेहमीं असतात ना? मग लिही दोन." त्यानें शून्य खोडलें व दोन लिहिले.

पालकहो व विद्यार्थिमित्रांनो, ही चूक त्या मुलाची नव्हे, आमची होती. ती केवढी होती हें त्याच रात्रीं कागदांची बेरीज करतांना आमच्या ध्यानीं आलें. परंतु तो प्रकार सांगण्याआधीं एका दूरच्या पक्ष्याची हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती हकीकत आम्हांस पुरती ठाऊक होती, वर्गांत आम्ही ती सांगत आलों होतों, आणि तरीही प्रसंग आला तेव्हां ती आठवली नाहीं.

बहिरी ससाणा हा शिकारी पक्षी हिवाळ्यांत आपल्याकडेही येतो, व त्याचाच एक भाईबंद, ज्याला शाहीन म्हणतात, तो सह्याद्रीच्या कड्यांवर बारमास राहतो. उंच आकाशांतून पंख आवळून तो भक्ष्यावर झडप घालतो तेव्हां त्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांहूनही अधिक असतो. ब्रिटनमध्यें हा ससाणा समुद्रकांठच्या व डोंगरांतील कड्यांवर पिल्लें वाढवितो. घरटें असें तो बांधीत नाहीं. कपारींतल्या मातींत थोडी जागा उकरून मादी तेथेंच अंडीं घालते. त्याचें आवडतें खाद्य कबूतर. आणि माणसाशीं त्याचें वैर जडलें तें या कबुतरापायींच.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानांतून संदेश नेणारीं कबुतरें पाठवीत असत. ससाणा तीं वाटेंतच मारील या भीतीनें १९४० सालीं सरकारानें हुकूम काढून किनाऱ्यावरचे ससाणे मारविले. सुमारें ६०० पक्षी या हुकुमाला बळी पडले. युद्ध संपलें, हुकूम सुटला, व १९५४ च्या कायद्यानें पक्ष्यांना संरक्षणही मिळालें. परंतु १९६० च्या सुमारास शर्यतीचीं कबुतरें पाळणाऱ्या लोकांनीं गाऱ्हाणें मांडलें कीं, ससाणे फार माजले आहेत, आमचीं कबुतरें परत येत नाहींत, तरी त्यांचें संरक्षण काढून घ्यावें. हे लोक बहुतेक कष्टकरी वर्गांतले होते, व कबूतर गमावल्याचें त्यांचें दुःख खरें होतें. ससाणे वाढले आहेत ही त्यांची समजूतही प्रामाणिक होती. परंतु समजूत प्रामाणिक असली म्हणजे ती खरी असतेच असें नाहीं.

सरकारानें हा प्रश्न निसर्गरक्षणाचें काम पाहणाऱ्या आपल्या खात्याकडे, म्हणजे नेचर कॉन्झर्व्हन्सीकडे, सोंपविला. ससाणे खरोखर किती आहेत, हें कोणीं मोजावयाचें? एवढे कडे चढावयास सरकारी नोकर कोठून आणणार? तेव्हां हें काम ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या १९३३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेकडे आलें. हौशी लोकांनीं पक्ष्यांच्या नोंदी करावयाच्या व शास्त्रज्ञांनीं त्या तपासावयाच्या, अशी या संस्थेची रीत. पाहणीची सूत्रें डेरेक रॅट्क्लिफ या शास्त्रज्ञाच्या हातीं होतीं. १९६१ व १९६२ या दोन वर्षीं स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन कडे पाहत हिंडले. कोणता कडा पाहावयाचा हें ठरविणें कठीण नव्हतें. ससाण्याचे कडे पिढ्यान् पिढ्यांचे असतात. एक जोडी मेली कीं दुसरी त्याच कपारींत येऊन राहते, आणि अशा कड्यांच्या याद्या पूर्वींच्या निरीक्षकांनीं करून ठेवल्या होत्या.

उत्तरें येऊं लागलीं तीं अशीं: अमुक कड्यावर ससाणा नाहीं. तमुक कड्यावर ससाणा आहे पण पिल्लें नाहींत. अमुक कड्यावर फुटलेलीं अंडीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तर एकामागून एक कडे रिकामे. १९६३ पर्यंत चित्र स्पष्ट झालें. ससाणे वाढले नव्हते. युद्धापूर्वींच्या संख्येच्या निम्म्याहूनही ते कमी उरले होते. ज्याला मारण्याची परवानगी मागितली जात होती, तो पक्षी कोणाच्या ध्यानींमनीं नसतां नाहींसा होत होता.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. त्या स्वयंसेवकांपैकीं प्रत्येकानें जर असा विचार केला असता कीं, 'या कड्यावर ससाणा नेहमीं असतो, आज दिसला नाहीं इतकेंच. मी एक जोडी लिहून टाकतों', तर काय झालें असतें? शेंकडों कागदांची बेरीज ठीक जुळली असती, सरकारानें ती पाहून कबुतरवाल्यांचें म्हणणें मान्य केलें असतें, आणि ससाणा कदाचित् कायमचा गेला असता. त्याला वांचविलें तें रिकाम्या कड्यासमोर उभें राहून 'रिकामा' असें लिहिणाऱ्या माणसांनीं.

आतां कारणाकडे वळूं. धान्याच्या बियाण्याला कीड लागूं नये म्हणून त्या काळीं डील्ड्रिन, ऑल्ड्रिन अशीं विषें चोळीत असत. कबुतरें पेरलेलें बीं टिपीत. तें विष त्यांच्या चरबींत सांठे. आणि अशीं अनेक कबुतरें खाणाऱ्या ससाण्याच्या अंगीं त्या सर्वांचें विष एकवटे. दुसरें औषध डीडीटी. यानें पक्षी तत्काळ मरत नसे. परंतु त्याच्या परिणामानें मादीच्या अंड्याचें कवच पातळ होई व ती उबवावयास बसली कीं अंडें तिच्याच भारानें फुटे. ही गोष्ट रॅट्क्लिफ यांनीं कशी सिद्ध केली तें मोठें मौजेचें आहे. इंग्लंडांत पक्ष्यांचीं अंडीं चोरून पेटींत जमविण्याचें एक वेड पुष्कळ लोकांस होतें. तें वाईटच, यांत शंका नाहीं. परंतु हे संग्राहक प्रत्येक कवचाबरोबर स्थळ व तारीख नेमानें लिहून ठेवीत. रॅट्क्लिफ यांनीं अशा संग्रहांतील जुनीं-नवीं कवचें तोलून व मापून पाहिलीं. १९४७ च्या सुमारापासून कवच एकाएकीं हलकें झालेलें आढळलें; जवळजवळ पंचमांश वजन उतरलें होतें. डीडीटीचा सार्वत्रिक उपयोग सुरू झाला तोही त्याच सुमारास. हा शोध त्यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केला. चोरानें केलेली नोंदही तारीखवार व खरी असली तर उपयोगी पडते. मग सज्जनानें केलेली किती पडेल!

पुढें या विषांवर टप्प्याटप्प्यानें बंधनें आलीं व ससाणे परतूं लागले. ते परतले हेंही मोजूनच कळलें. १९७१, १९८१, १९९१, २००२ आणि २०१४ या सालीं तीच पाहणी पुन्हां पुन्हां झाली, व २०१४ सालीं ब्रिटनमध्यें सुमारें १,७५० जोड्या आढळल्या. आज हा पक्षी लंडनच्या उंच इमारतींवरही पिल्लें वाढवितो.

एकदां मोजून भागत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. ब्रिटनमध्यें राखी बगळ्याचीं घरटीं १९२८ पासून प्रतिवर्षीं मोजलीं जातात. १९६२-६३ चा हिवाळा तेथें अतिशय कडक गेला. नद्या-तळीं गोठलीं, मासे मिळेनात, आणि बगळ्यांची संख्या सुमारें निम्म्यावर आली. ज्यानें तेवढेंच एक वर्ष पाहिलें असतें तो घाबरून गेला असता. परंतु पस्तीस वर्षांचे आंकडे हाताशीं होते. थंडीनें बसलेला असा फटका बगळे कांहीं वर्षांत भरून काढतात, हें त्यांतून दिसत होतें, व तसें झालेंही. ससाण्याची घट व बगळ्याची घट एकाच वेळीं दिसली. एक रोग होता, दुसरें नुसतें पडसें. दोहोंतला भेद सांगणारा वैद्य म्हणजे जुनी वही.

अशा मोजदादींत वयानें वडील असलेली एक नाताळच्या दिवशीं जन्मली. अमेरिकेंत नाताळांत बंदुका घेऊन दोन पक्ष पाडावयाचे व ज्या पक्षाच्या शिकारीचा ढीग मोठा तो जिंकला, असा एक खेळ चाले. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, या वर्षीं पक्षी मारूं नका, मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजीं २७ माणसांनीं २५ ठिकाणीं पक्षी मोजले. तो परिपाठ अद्याप अखंड चालू आहे, व आतां दोन हजारांहून अधिक ठिकाणीं दर वर्षीं ही गणना होते. येशूच्या जन्मदिवशीं जिवांचा ढीग रचण्यापेक्षां त्यांची यादी करणें बरें, एवढें आमच्यासारख्या ख्रिस्ती शिक्षकास वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे येऊं. मोजलें नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याकडचें गिधाड. आज चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पालकांनीं आपल्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेल्या जनावराभोंवतीं गिधाडांचे थवे पाहिले असतील. इतका सामान्य पक्षी कोण मोजतो? भरतपूरच्या पाणथळींत मात्र त्यांच्या नोंदी होत्या. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत तेथें गिधाडें झपाट्यानें कमी होत असल्याचें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांस दाखवून देतां आलें. पुढील पाहण्यांवरून दिसलें कीं, पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत हजारास एक या प्रमाणांत उरलीं. गुरांना वेदनेवर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध त्याला कारण, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें, व २००६ सालीं गुरांसाठीं त्यावर बंदी आली. गांवोगांवच्या कोणीं दर वर्षीं नुसती 'आज दहा, आज सहा' अशी नोंद ठेवली असती, तर हीच गोष्ट कित्येक वर्षें आधीं कळती.

सुदैवानें आतां अशी नोंद ठेवणारे पुष्कळ झाले आहेत. १९८७ पासून दर जानेवारींत आपल्या देशांतील तळीं, धरणें, खाड्या येथील पाणपक्षी मोजले जातात. केरळांत २०१५ ते २०२० या काळांत हजाराहून अधिक स्वयंसेवकांनीं सबंध राज्याचे चौकोन पाडून, चौकोन निवडतांना तो पक्ष्यांनीं गजबजलेला कीं ओसाड याचा विचार न करतां, सुमारें २५,००० याद्या केल्या. आणि 'ई-बर्ड' नांवाची जी जागतिक नोंदवही आतां प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर उघडते, तींत ३०,००० भारतीय निरीक्षकांनीं केलेल्या सुमारें तीन कोटी नोंदी एकत्र करून २०२३ सालीं देशांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यांत ९४२ जातींचा विचार झाला, व १७८ जातींकडे तांतडीनें लक्ष दिलें पाहिजे असें ठरलें.

या नोंदवहींत एक प्रश्न विचारतात: 'तुम्हांस ओळखतां आलेले सर्व पक्षी या यादींत आले आहेत काय?' उत्तर 'होय' असेल तरच त्या यादीला खरें मोल. कारण यादी पूर्ण असली म्हणजे जे नांव तींत नाहीं तो पक्षी तेथें दिसला नाहीं, असा तिचा अर्थ होतो. शंभर पूर्ण याद्यांपैकीं कितींत चिमणी आहे, हें वर्षानुवर्ष पाहत गेलें म्हणजे चिमणी वाढते कीं घटते तें कळतें. 'चिमण्या नाहींशा झाल्या' असें आपण सर्व जण म्हणतों. २०२० च्या अहवालाचें उत्तर असें कीं, मुंबईसारख्या सहा महानगरांत त्या कमी होत आहेत खऱ्या. पण देशाचा एकंदर विचार करतां पंचवीस वर्षांत चिमणी जवळजवळ स्थिर आहे. कबुतरवाल्यांप्रमाणेंच आपलीही समजूत प्रामाणिक होती.

शंका घेणारे म्हणतील कीं, हौशी माणसाच्या नोंदीवर विश्वास काय ठेवावयाचा? शंका रास्त आहे. माणसें चुकतात, एक घार दुसरी समजतात. शिवाय रविवारीं, सडकेच्या कडेला व जेथें पक्षी भरपूर तेथेंच मोजावयास जातात. म्हणून चमत्कारिक नोंद आली कीं जाणकार ती तपासतात, पुरावा मागतात, व संशयित नोंद हिशेबांतून वगळतात. हजारों याद्यांत अशा चुका बऱ्याच अंशीं झांकल्या जातात. परंतु सगळेच जण एका बाजूला चुकूं लागले, म्हणजे सर्वांना ठाऊक आहे म्हणून दोन लिहूं लागले, तर त्यावर कोणत्याही गणितज्ञाजवळ औषध नाहीं.

त्या रात्रीं आमच्यापुढें पडलेल्या कागदावर 'दोन' या अक्षरांखालीं खोडलेलें शून्य स्पष्ट दिसत होतें. आम्हीं स्वतःलाच विचारलें, आपण त्या ढोलींत पिंगळा शेवटचा केव्हां पाहिला? आठवेना. दुसरे दिवशीं सकाळीं शिपायास विचारलें, तो म्हणाला, "दिवाळीच्या आधीं असतील, सर." मग थोडें थांबून म्हणाला, "नाहीं, पावसाळ्याच्या आधीं." सहकाऱ्यांस विचारलें, प्रत्येकानें दोन आहेत असें सांगितलें, परंतु केव्हां पाहिले तें कोणासही सांगतां येईना. आम्ही चिंचेखालीं जाऊन उभे राहिलों. विजेच्या तारांना लागते म्हणून जून महिन्यांत त्या झाडाची एक थोर फांदी तोडली गेली होती. तिच्याबरोबर ढोलीवरचें छप्परच गेलें होतें, आणि आंत पावसाचें पाणी मुरून लाकूड कुजलें होतें. ही फांदी तुटतांना आम्ही तेथें हजर होतों.

पंधरा मिनिटांच्या एका शून्यानें पिंगळे गेले असें सिद्ध होत नाहीं, हें खरें. ते आंत दडले असतील, शेजारच्या आंब्यावर असतील. म्हणून पुढले आठ दिवस तिन्हीसांजेला मुलांनीं आळीपाळीनें तेथें पहारा केला. आठही दिवशीं शून्य आलें. नववे दिवशीं एका मुलीला मैदानापलीकडच्या पडक्या कोठीवर पिंगळा ओरडतांना ऐकूं आला. तो आपल्या जोडींतला कीं दुसरा, कोण सांगणार? तिनें 'एक, ऐकला, दिसला नाहीं' असें लिहिलें, व आम्हांस तें फार आवडलें.

त्या दिवशीं वर्गांत त्या मुलास उभें करून, तुझें बरोबर होतें व आमचें चुकलें, असें आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें. 'दोन' खोडून त्यानें पुन्हां शून्य लिहिलें, व तसाच कागद शाळेच्या वहींत डकवला. ई-बर्डवर पाठविलेल्या यादींत पिंगळ्याचें नांव नाहीं.

एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, याचे परीक्षेंत गुण किती? गुण नाहींत. खर्चही नाहीं. एक कागद, एक पेन्सिल, व पंधरा मिनिटें एका जागीं उभें राहण्याइतका धीर. घरच्या घरीं ज्यांना हें करावयाचें असेल त्यांनीं जागा व वेळ ठराविक ठेवावी, तारीख लिहावी, न ओळखलेल्या पक्ष्यापुढें 'अनोळखी' असें लिहावें, थवा मोठा असेल तर दहा दहांचे गट मनांत पाडावे, आणि घरट्याजवळ जाऊं नये. आजी-आजोबांना बरोबर घेतलें तर उत्तम. आमच्या अनुभवास आलें आहे कीं, आवाजावरून पक्षी ओळखण्यांत ते नातवंडांना सहज मागें टाकतात.

कोठीच्या भिंतीला सुतारकामाच्या वर्गानें लांकडाची एक पेटी करून टांगली आहे. तींत अजून कोणी आलें नाहीं. तेंही वहींत लिहिलें आहे. पुढली मोजदाद येत्या फेब्रुवारींत व्हावयाची आहे. जागा वांटून देतांना त्या मुलानें चिंचेचीच जागा आपण होऊन मागून घेतली.